त्रेचाळिसावी चिठ्ठी

"टीचर, माझी चिठ्ठी कुठंय?"

मोनीबाय वेदीच्या पायरीशी उभी होती आणि वेताची टोपली उलटी धरून झटकत होती. टोपलीतून पडणार काय, कप्पाळ? चिठ्ठ्या केव्हाच उचलल्या गेल्या होत्या. मिस्सेची प्रार्थना संपली होती, लोक देवळाबाहेर पडून एकमेकांना ख्रिस्तराजाच्या सणाच्या शुभेच्छा देत होते आणि मला घरी जाऊन मटणाला फोडणी घालायची होती.

"संपल्या," मी म्हटलं. "पुढल्या वर्षी लवकर उठ."

"लवकर उठ म्हणजे? पहिल्या घंटेपासून पहिल्या बाकावर बसलेय मी. सगळ्यांनी घेतल्यावर उरेल ती चिठ्ठी माझी. एकवीस वर्षं झाली, कधी चुकलं नाही."

खरं होतं ते. आमच्या गावाची ही जुनी रीत. शाळा फादरांची, मराठी माध्यमाची, देवळाला लागूनच. नोव्हेंबरात ख्रिस्तराजाच्या सणाला दहावीतल्या प्रत्येक मुलाच्या नावाची चिठ्ठी टोपलीत घालून वेदीजवळ ठेवायची. मिस्सेनंतर एकेकानं उठून एकेक चिठ्ठी घ्यायची आणि बोर्डाची परीक्षा संपेपर्यंत त्या मुलासाठी रोज प्रार्थना करायची. चिठ्ठीत कोण निघालं ते कुणाला सांगायचं नाही, मुलाला तर नाहीच. शेवटचा पेपर झाला की शाळेच्या फाटकाशी जायचं आणि आपल्या मुलाला हाक मारायची. भोईरांची, पाटलांची हिंदू मुलंही त्या टोपलीत असत. चिठ्ठ्या वर्गशिक्षकानं स्वतः लिहायच्या आणि नावाखाली एक ओळ घालायची: या मुलाला काय कमी पडतंय, त्याच्यासाठी काय मागायचं.

वर्गशिक्षक म्हणजे मी. फिलोमिना दोडती, गणित. ग्लॅडसनच्या चिठ्ठीवर मी लिहिलं होतं, 'अक्षर सुधारावं.' सुषमा भोईरच्या चिठ्ठीवर, 'बडबड कमी व्हावी.' माझ्या तोंडाला आणि पेनाला तेव्हा सारखीच धार होती. मुलं मला पाठीमागं 'तिखट टीचर' म्हणत आणि मला ते ठाऊक होतं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचंही.

"बेचाळीस माणसं उठली," मोनीबाय म्हणाली. "मी मोजली. तुझ्या वर्गात पोरं त्रेचाळीस."

"तुला कुणी सांगितलं?"

"मला कुणी सांगायला कशाला हवं? फाटकासमोर बसून पेरू विकते मी. एकेकाचं तोंड पाठ आहे मला."

"एक मूल यंदा परीक्षेला बसत नाही. झालं समाधान?"

तिनं टोपली खाली ठेवली, लाल लुगड्याचा पदर खोचला आणि माझ्याकडे टक लावून बघितलं. सत्तरीची बाई, पण नजर अशी की आपणच वही न आणलेलं पोर आहोत असं वाटावं.

"कोण?"

"तुला काय करायचंय?" असं म्हणून मी चालायला लागले.

ते मूल म्हणजे विनीता फरगोज. आमच्या शाळेचा दहावीचा निकाल सलग नऊ वर्षं शंभर टक्के लागला होता. यंदा दहावं वर्ष. दहा वर्षं पूर्ण झाली की बिशपांच्या हस्ते सत्कार करायचं घाटत होतं, आणि तो सत्कार खरं म्हणजे माझा, असं मी मनात धरून बसले होते. कारण पोरं नापास होतात ती गणितात, आणि माझ्या हाताखालचं एकही पोर नऊ वर्षांत नापास झालं नव्हतं. विनीता मात्र दहावीत आल्यापासून गणिताचा पेपर कोरा देत होती. कोरा म्हणजे अगदी कोरा, वर नाव आणि तारीख. घरचा अभ्यास सगळा बरोबर. मला वाटे, ही कुणाची तरी वही उतरवते.

म्हणून ऑक्टोबरात मी तिच्या बापाला बोलावून घेतलं. रॉक फरगोज लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचा. भला माणूस, शिक्षकांसमोर हात जोडून उभा राहणारा. मी म्हटलं, पोरीची तब्येत नाजूक आहे, यंदा फॉर्म भरू नका, पुढच्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा. बाहेरून बसली म्हणजे ती शाळेच्या निकालात धरली जात नाही, हे मी बोलले नाही. 'मुलगी आजारी असल्याने यंदा परीक्षेस बसणार नाही' असा अर्ज मी सांगितला आणि त्यानं लिहिला. "टीचर म्हणतील तसं," एवढंच तो म्हणाला. जाताना माझे आभार मानून गेला.

सोमवारी मधल्या सुट्टीत मोनीबायनं मला फाटकातूनच हाक मारली.

"फरगोजांची विनीता ना?"

"हळू बोल गं. आजारी आहे ती."

"आजारी? आत्ता दोन पेरू तिखटमीठ लावून खाल्ले तिनं."

"मोनीबाय, तू तुझे पेरू विक. शाळा मी बघते."

"बघ की. मी कुठं नाही म्हणते? मला फक्त तिची चिठ्ठी लिहून दे. परीक्षेला बसो न बसो, गावातलं पोर आहे. बेचाळिसांसाठी कुणीतरी रोज गुडघे टेकणार आणि एकटीनंच काय पाप केलंय?"

"कर की मग प्रार्थना! चिठ्ठी कशाला हवी?"

"काय मागू ते नको कळायला? तू ओळ लिहितेस ना खाली, ती लिही."

मी 'बघू' म्हणून सटकले. मंगळवारी तेच. पोरं पेरू घेताहेत, आणि ही बाई सगळ्यांच्या डोक्यावरून मला विचारतेय, "टीचर, लिहिलीस का?" डोक्यात तिडीक गेली माझ्या. म्हटलं, एक ओळ तर लिहायची, लिहून तोंडावर मारू आणि मोकळं होऊ.

स्टाफरूममध्ये कागद फाडला. वर लिहिलं, 'विनीता फरगोज.' आणि खाली काय लिहू ते सुचेना. 'अभ्यास करावा'? घरचा अभ्यास तर ती करत होती. 'बुद्धी मिळावी'? मराठीत वर्गात पहिली यायची पोर. 'तब्येत सुधारावी' लिहायला गेले आणि हात थांबला. बापाकडून अर्जात खोटं लिहून घेताना मला काही वाटलं नव्हतं, पण ही चिठ्ठी कुणीतरी देवापुढं धरणार होतं. घंटा झाली तरी मी तशीच बसून होते. बेचाळीस पोरांचं मला ठाऊक होतं आणि या एकीला काय होतंय ते मी कधी विचारलंच नव्हतं.

बुधवारी शाळा सुटल्यावर मी विनीताला वर्गात थांबवलं. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, बोर्डाचे फॉर्म जाणार होते. ती उभी राहिली. दोन वेण्या, दप्तर छातीशी धरलेलं.

"बस."

ती बसली नाही. "माझं काही चुकलं का, टीचर?"

"नाही गं. मला एवढंच विचारायचंय, पेपरात तुला होतं काय?"

मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा आवाज चढायला लागला, तो मीच आवरला आणि खुर्चीवर बसले. अशी गप्प बसायची सवय नव्हती मला.

"आकडे पळतात," ती शेवटी म्हणाली.

"पळतात म्हणजे?"

"घरी येतं सगळं. पेपरात तुमच्या चपला वाजल्या की हात गार पडतात, टीचर. मग काही दिसतच नाही."

"माझ्या चपला? मी तर नुसती बाकांमधून फिरते!"

ती खाली बघत राहिली. मग अगदी हळू, पण न अडखळता बोलली. किती दिवस मनात घोळवलं असेल कोण जाणे.

"आठवीत तुम्ही माझी वही सगळ्या वर्गासमोर वर धरली होती. म्हणालात, 'ही अक्कल फरगोजांच्या घरातली नव्हे. कुणाची उतरवलीस?' मी नव्हती उतरवली, टीचर. पप्पांनी नवी वही आणली होती म्हणून मी रात्रभर बसून सगळी गणितं परत केली होती. सगळे हसले. पप्पा तेव्हा खालीच होते, शाळेच्या बँडला शिकवायला आले होते. त्यांनी ऐकलं असेल की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही त्यांना."

मला ते आठवेना. आजही आठवत नाही, आणि तेच मला जास्त लागतं. मी म्हटलं असणार, शंकाच नाही. शब्द माझेच होते. असं दिवसाला दहा जणांना म्हणत असे मी. तिनं दोन वर्षं जे उराशी धरलं ते माझ्या लेखी एका तासाचं बोलणंही नव्हतं.

"चुकलं माझं," मी म्हटलं. इतकं साधं वाक्य, पण वीस वर्षांच्या नोकरीत कुठल्याही पोराला मी ते पहिल्यांदा म्हणत होते. "परीक्षेला बसायचंय तुला?"

"पप्पा म्हणतात, टीचरांनी नको सांगितलंय."

"तू सांग."

"बसायचंय," ती म्हणाली आणि रडायला लागली. मला पोरांना जवळ घेता येत नसे. मी तिला माझा रुमाल दिला आणि खिडकीतून बाहेर बघत उभी राहिले.

ती गेल्यावर चिठ्ठीवरची ओळ मी एका दमात लिहिली.

फाटकाबाहेर मोनीबाय टोपली आवरत होती. शेजारी आठ-दहा पोरं रेंगाळली होती, माझ्याच वर्गातली. मी चिठ्ठी तिच्या हातात कोंबली आणि वळले.

"थांब. वाचून कोण दाखवणार? मला अक्षर येत नाही."

"दरवर्षी कोण दाखवतं?"

"फादर. पण ते आज वसईला गेलेत. तूच वाच."

"घरी घेऊन जा. उद्या वाचून घे त्यांच्याकडून."

"आजपासून सुरू करायचंय मला. आधीच तीन दिवस बुडाले पोरीचे."

पोरं बघत होती. मी चिठ्ठी घेतली. नाव मी वगळलं, तेवढी लाज राखली त्या पोरीची. "हिला," मी वाचलं, "गणिताच्या टीचरची भीती वाटते."

एकही पोर हसलं नाही. ग्लॅडसननं तर हातातला पेरू पाठीमागं लपवला. मोनीबायनं चिठ्ठी परत घेतली, उलटसुलट बघितली, जणू मागच्या बाजूलाही काही असेल, आणि पुन्हा माझ्या हातात ठेवली.

"मग यात पोरीसाठी काय मागू? पोरीचं काही अडलेलंच नाही. हे तर तुझं आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे मी तुझ्यासाठी करते. मार्च संपेपर्यंत, रोज. ही तुझ्याकडे ठेव, हिच्यासाठी तू कर." तिनं टोपली डोक्यावर घेतली. "आणि नेमानं कर हो. तुझं काय, मिस्सेतपण घड्याळ बघतेस."

गुरुवारी सकाळी मी विनीताचा फॉर्म आणि तिच्या बापाचा तो अर्ज घेऊन फादर एलायसांच्या ऑफिसात गेले. ते आमचे मुख्याध्यापक, वर्षभरापूर्वीच आलेले.

"ही आजारी ना?" त्यांनी विचारलं.

"नाही, फादर. मी खोटं लिहून घेतलं. निकालासाठी." आणि मी अर्ज त्यांच्यासमोर फाडला. जरा नाटकीच झालं ते.

ते म्हणाले, "दहावं वर्ष आहे, टीचर. ही नापास झाली तर?"

"तर होईल."

"आणि मला विचारलं असतंत, तर मी काय म्हणालो असतो असं वाटलं तुम्हाला?"

मी अर्जाचे तुकडे गोळा करायला लागले. त्यांनी सही केली, फॉर्म गठ्ठ्यात सरकवला आणि मी दारापर्यंत पोचल्यावर म्हणाले, "रॉकला तुम्ही स्वतः जाऊन सांगा." मी गेले. रॉकनं मला चहा दिला आणि पुन्हा आभार मानले. ते आभार माझ्या घशाखाली उतरले नाहीत.

पुढचे तीन महिने मी वर्गात फिरणं बंद केलं. खुर्चीवर बसून शिकवायचं, चपला टेबलाखाली काढून ठेवायच्या. पाय नुसते शिवशिवत. तोंड आवरणं त्याहून अवघड, ते रोज दोन-तीनदा सुटायचंच. आणि रोज संध्याकाळी 'आमच्या बापा' ही प्रार्थना म्हणून झाली की तिचं नाव घ्यायचं. आधी आधी हजेरी घेतल्यासारखं घेत होते. पण एखाद्याचं नाव रोज घेतलं की दिवसा तो माणूस दिसायला लागतो. तिनं दोन वेण्या सोडून एक वेणी घालायला सुरुवात केली ते मला दिसलं. डब्यातली पोळी ती अर्धी परत नेते ते दिसलं. शिकवणीला बोलवावं असं शंभरदा मनात आलं. पण जिला माझा धसका तिला माझ्याच घरी कसं बोलवू? सराव परीक्षेत तिनं पेपर कोरा दिला नाही. अर्धा लिहिला. मी तो तीनदा तपासला, मार्क काही वाढेनात.

मार्चात शेवटच्या पेपरला फाटकाशी सगळं गाव जमलं. कुणाच्या हातात केळी, कुणाच्या हातात नारळाच्या वड्या. मोनीबाय रिकाम्या हातानं उभी होती.

"तुझं पोर कोणतं गं यंदा?" कुणीतरी तिला विचारलं.

"माझं इथंच उभं आहे," म्हणत तिनं मला कोपरखळी मारली. लोकांना वाटलं, म्हातारी चेष्टा करतेय.

घंटा झाली, पोरं बाहेर आली. "ग्लॅडसन!" "सुषमा, इकडं गं!" अशा हाका सुरू झाल्या. विनीता पायऱ्यांवर दिसली. ती कुणाच्याच हाकेची वाट बघत नव्हती. आपली चिठ्ठी टोपलीत नव्हती हे तिला कळलं असणार, गावात काय लपतं? मान खाली घालून ती गर्दीच्या कडेनं निघाली.

"विनीता!" मी हाक मारली.

ती जागच्या जागी थिजली. माझा आवाजच तसा. तिला वाटलं असेल, चुकलं काहीतरी. मी पुढे गेले आणि चिठ्ठी दिली. तिनं उघडून वाचली. माझं अक्षर सगळी शाळा ओळखायची.

"तुम्ही?" ती म्हणाली. "रोज?"

"रोज. फेब्रुवारीत ताप आला तेव्हा दोन दिवस चुकले."

तिनं पुन्हा चिठ्ठी बघितली. "टीचर, खरं सांगू? अजून वाटते भीती. पण कमी वाटते."

"मग तेवढं पुष्कळ झालं," मी म्हटलं.

जूनमध्ये निकाल लागला. त्रेचाळिसांपैकी बेचाळीस पास. सत्त्याण्णव पूर्णांक सदुसष्ट टक्के, मी कागद न घेता काढले. विनीता गणितात सात मार्कांनी गेली. बाकी सगळ्या विषयांत सुटली होती. सत्कार बारगळला. स्टाफरूममध्ये एकीनं मला ऐकवलंच, "टीचर, उगीच दया दाखवलीत, बघा." मला सत्काराचं वाईट वाटलं का? वाटलं, थोडं. पण खरं लागलं ते दुसरंच. वाटत होतं, मी त्या पोरीला पुन्हा एकदा सगळ्यांसमोर उभं केलं. पेपरवाले विचारणार, गाव विचारणार, नापास झालेली एकटी कोण? आधी वही वर धरली होती, आता अख्खी पोर. आता ती माझं तोंडही बघायची नाही.

मी जेवायला बसले होते तेवढ्यात दाराची कडी वाजली.

विनीता होती. घामानं डबडबलेली, निकालाचा कागद हातात. घरी न जाता शाळेतून सरळ आलेली. माझ्या दारात वीस वर्षांत एकही विद्यार्थी आपणहून आला नव्हता. गणित अडलं तर पोरं शेजारच्या गावातल्या सरांकडे जात, पण माझी पायरी चढत नसत.

तिनं कागद माझ्यासमोर धरला.

"सातच कमी पडले, टीचर. भूमितीचा शेवटचा प्रश्न सोडून दिला मी, तो आला असता तर सुटले असते. ऑक्टोबरला परत बसायचंय. शिकवाल?"

"शिकवेन."

"आजपासून?"

मी तिच्या मागं बघितलं. फाटकाशी कुणी नव्हतं. बापानं पाठवली नव्हती, फादरांनी पाठवली नव्हती. एकटी आली होती.

"जेवलीस का?" मी विचारलं.

"नाही."

"मग आत ये. आधी जेवू आपण."

तिनं चपला काढल्या आणि आत आली.